दोन रेघांचा वाचक

आमच्या वाचनालयातल्या बायका पुस्तकांवर खुणा करायच्या. कादंबरी वाचून झाली की शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपली खूण. कुणाचं गोल, कुणाचं फूल, कुणाची फुली. एका मास्तरीणबाईंचा तर चक्क शेपटीवाला उंदीर. कारण साधं होतं. महिन्याला दहा-बारा कादंबऱ्या संपवणाऱ्या बाईला दोन वर्षांनी ना नाव आठवतं ना गोष्ट. घरी नेऊन पंचवीस पानं वाचली की मग कळतं, ही तर आपण वाचलीय. म्हणून रॅकसमोर उभं राहून आधी शेवटचं पान उघडायचं. आपली खूण दिसली की पुस्तक परत जागेवर. शिवाजी पेठेतल्या कुठल्या घरात काय वाचलं गेलंय, हे मला त्या खुणांवरून सांगता आलं असतं.

मला त्याचा भयंकर राग यायचा. नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथं लेखनिक म्हणून लागलो आणि पहिल्या पगारात स्वतःसाठी काय घेतलं असेल तर एक चांगलं रबर. मिळेल त्या वेळी मी खुणा पुसत बसायचो. एकदा एका मावशींना टोकलं, तर त्या देवघेवीच्या टेबलावर पिशवी आपटून म्हणाल्या, "खूण न्हाय क्येली तर परत त्येच पुस्तक न्हेतोय की आमी! तुमचं काय जातंय त्यात?" माझं काही जात नव्हतं. पण वाचनालयाचं पुस्तक सगळ्यांचं, त्यावर एकाची निशाणी असू नये, असं माझं म्हणणं होतं. माणूस एकटा राहिला की अशी म्हणणी फार घट्ट होतात.

मी एकटा होतो. घर नेसरीला. आई, वडील, शेती तिकडं. मी पेठेत एक खोली घेतलेली, दोन वेळचं जेवण खानावळीत. आई पत्र लिहायची त्यात शेवटची ओळ ठरलेली असायची, अमक्यांची मुलगी बघून ये. मी जायचो नाही. पेठेत लोक मला ब्रह्मचारी म्हणायचे, काही कौतुकानं, काही डोळा मारून. मला पुरुष आवडतात हे मला सोळाव्या वर्षापासून माहीत होतं, आणि हे माहीत असलेला माझ्या ओळखीतला दुसरा माणूस म्हणजे कुणीच नव्हतं. याला मी दुःख म्हणत नव्हतो तेव्हा. पाऊस आहे, उकाडा आहे, तसं हे आहे, असं धरून चाललो होतो.

कॉलेजात असताना याच वाचनालयात येऊन मी तो शब्द शोधला होता. भिंतीला लागून लाकडी कपाट होतं, त्यात छोटे छोटे खण, खणात पुस्तकांची कार्डं, आणि ती हलू नयेत म्हणून खालून भोकातून ओवलेली लोखंडी सळई. 'स'च्या खणात बोटं फिरवत गेलो. कार्ड सापडलं. त्यावर लिहिलं होतं, "समलिंगी. पहा : मनोविकार." मी पाहिलं. मनोविकारात एकच पुस्तक होतं आणि त्यात माझ्याबद्दल दीड पान होतं. ते वाचून बाहेर आलो तेव्हा पेठेत फुटबॉलची मॅच सुटली होती, पोरं ढोल बडवत चालली होती, आणि मी त्या गर्दीतून खाली मान घालून खोलीवर गेलो. पुढं त्याच वाचनालयात नोकरी लागली याला योगायोग म्हणा नाहीतर काही म्हणा.

दिवाळी अंकांनी पहिली वाट दाखवली. आमच्याकडं दिवाळी अंकांची वेगळी योजना असायची, संक्रांतीपर्यंत अंक घरोघर फिरायचे आणि उन्हाळ्यात लक्तरं होऊन परत यायचे. ते मग रद्दीत. एका वर्षी गठ्ठे बांधताना एक अंक सहज चाळला. त्यात एक गोष्ट होती. दोन मित्र, एकाचं लग्न ठरतं, दुसरा त्याच्या वरातीत नाचतो. बास, एवढंच. 'तसलं' काहीही त्यात लिहिलेलं नव्हतं. पण मी ती दोन रॅकच्या मध्ये उभ्यानं वाचली आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून वाचली. लिहिणाऱ्याला माहीत होतं. कुठंतरी एक माणूस होता ज्याला हे माहीत होतं, आणि त्यानं ते छापून आणलं होतं, आणि आम्ही ते किलोवर घालायला निघालो होतो.

ती पानं मी कापून घेतली. मग नादच लागला. रद्दीत निघालेला प्रत्येक अंक, प्रत्येक मासिक मी उलटसुलट करून बघायचो. मॅचच्या दिवशी दुपारी अख्खी पेठ मैदानावर असायची, वाचनालयात चिटपाखरू नसायचं. तेव्हा माझी कात्री चालायची. सहा वर्षांत नऊ गोष्टी जमल्या. काही धड होत्या, काही रडक्या, एकीत शेवटी विहीर होती. दोन बायकांचीही एक होती, एका वसतिगृहातली, फार सुंदर. एका आरोग्यविषयक मासिकातलं प्रश्नोत्तरही मी कापून ठेवलं. कुणीतरी विचारलं होतं की मला मित्राबद्दल असं वाटतं, काय करू. डॉक्टरांनी उत्तर दिलं होतं, लग्न करा, सगळं आपोआप सुरळीत होईल. हेही ठेवलं. आपल्याबद्दल जे जे बोललं गेलं ते एका ठिकाणी असावं, असं मला वाटायचं. कोण म्हणजे 'आपण', हे विचारलं असतं तर मात्र माझी बोबडी वळली असती.

एवढी पानं खोलीवर ट्रंकेत ठेवणं सोपं होतं. पण ट्रंकेत ठेवलेलं वाचनालयाच्या माणसाला मेल्यासारखं वाटतं. मी ती आमच्या बाइंडरकडं नेली. गल्लीच्या तोंडाला त्यांचं दुकान, खळीचा वास, सगळीकडं पुठ्ठ्याच्या पट्ट्या. पानं न वाचता त्यांनी ती ठोकून सरळ केली आणि विचारलं, "पाठीवर काय घालायचं?"

माझ्या तोंडून निघालं, "सहकार, संकीर्ण लेख."

हे का निघालं ते सांगतो. आमच्या जिल्ह्यात माणूस सहकारी दवाखान्यात जन्मतो, सहकारी दूध पितो, सहकारी कारखान्याला ऊस घालतो आणि सहकारी पतपेढीच्या दारात म्हातारा होतो. पण सहकारावरचं पुस्तक वाचताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही. खिडकीजवळचा तो रॅक म्हणजे जगातली सगळ्यात सुरक्षित जागा होती. पुस्तक मी रीतसर दाखल केलं, शिक्का मारला, तिथं लावलं. आणि मग आणखी एक काम केलं. 'स'च्या खणातली सळई ओढून ते जुनं कार्ड काढून फाडलं आणि माझ्या अक्षरात नवं लिहून ओवलं. "समलिंगी. पहा : सहकार, संकीर्ण लेख."

म्हणजे पुस्तक त्यालाच सापडेल जो तो शब्द शोधेल. मी शोधला होता तसा.

नंतर वाट बघणं सुरू झालं. पहिल्या वर्षी ते पुस्तक एकाच माणसानं हातात घेतलं. वारणानगरच्या कारखान्याच्या कॉलनीत राहणारे एक कामगार होते, सहकार खात्याची परीक्षा द्यायची म्हणून इकडं अभ्यासाला यायचे. ते पुस्तक घेऊन खिडकीशी बसले. मी नोंदवही उघडून तिच्याआडून बघत राहिलो. पाच मिनिटांनी ते टेबलाशी आले.

"पावणं, ह्यात कायद्याचं कायबी न्हाय की वो. दोन गडी रंकाळ्यावर बसल्यात नुसतं."

"बाइंडिंगमध्ये गडबड झाली असेल," मी म्हणालो.

"मग दुरुस्त करून घ्या की. मानसाचा येळ जातोय." त्यांनी पुस्तक ठेवलं आणि गेले. त्या दिवशी मी खानावळीत जेवता जेवता एकटाच हसलो. शेजारच्यानं विचारलं, काय झालं? सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे सांगण्यासारखं फार होतं, ऐकण्यासारखा माणूस नव्हता.

तीन वर्षं गेली. दर मे महिन्यात वाचनालय आठवडाभर बंद ठेवून आम्ही साठा पडताळायचो. एकेक पुस्तक काढायचं, नोंदवहीत बघायचं, झटकून परत लावायचं. माझ्या दृष्टीनं हा खुणांचा नायनाट करण्याचा आठवडा. त्या वर्षी तर कादंबऱ्यांच्या रॅकमध्ये बायकांनी कहर केला होता. चार दिवस पुसून पुसून माझी बोटं दुखायला लागली होती, टेबलावर रबराच्या काळ्या वळ्यांचा ढीग. शेवटच्या दिवशी दुपारी सहकाराच्या रॅकला आलो. माझं पुस्तक कसर लागली नाही ना बघायला उघडलं. पहिल्या गोष्टीच्या शेवटी, पानाच्या तळाशी, दोन बारक्या उभ्या रेघा. शेजारी शेजारी.

हातात रबर होतं. पुसल्या. दुसऱ्या गोष्टीच्या शेवटी तशाच दोन रेघा. पुसल्या. तिसरीच्या शेवटी, चौथीच्या. मी मनात चरफडत होतो की ह्या बायकांनी आता सहकारही सोडला नाही. नवव्या गोष्टीच्या रेघा पुसल्या आणि पुढचं पान उलटलं. ते डॉक्टरांच्या उत्तराचं पान होतं. 'सगळं आपोआप सुरळीत होईल' या ओळीशेजारी समासात, त्याच फिक्या पेन्सिलीनं, एकच शब्द लिहिलेला होता.

"खोटं."

रबर त्या शब्दावर टेकलेलं होतं. तिथंच थांबलं.

मी खाली फरशीवर बसलो. कुणीतरी 'स'च्या खणात तो शब्द शोधला होता. कार्ड वाचलं होतं. खिडकीशी बसून, घरी न नेता, बहुतेक एका फेरीला एक गोष्ट, असं सगळं वाचलं होतं आणि वाचल्याची खूण केली होती. या गावात, माझ्या टेबलापासून पंधरा पावलांवर. नऊ वेळा त्यानं सांगितलं की मी आहे, आणि नऊच्या नऊ वेळा मी ते स्वतःच्या हातानं खोडलं. मला रडू आलं, आणि रडताना राग आला, आणि राग कुणावर काढणार, तर त्या रबरावर. खिडकीतून खाली गल्लीत फेकून दिलं.

तेव्हाच त्या रेघा पुन्हा काढल्या असत्या तर! पण चोराच्या मनात चांदणं. संध्याकाळ होईतो मला वेगळंच वाटायला लागलं. कार्यकारिणीतल्या कुणाला संशय आला असेल आणि हा सापळा असेल तर? नोकरी जाईल ते जाईल, नेसरीला आईच्या कानावर काय जाईल? मी पुस्तक जागेवर ठेवलं आणि गप्प बसलो. जून गेला, जुलै गेला. भिऊन काही न करणं हे फार सोपं काम आहे, त्यात मी तरबेज होतो.

श्रावणात एका दुपारी धीर करून पुस्तक काढलं. खिडकीच्या उजेडात पान तिरकं धरलं की पुसलेल्या रेघांची चर दिसत होती. तिच्यावरूनच मी पेन्सिल फिरवली, नऊही ठिकाणी. माझी पेन्सिल काळीभोर, त्याची फिकट, कुणीही ओळखलं असतं. मग प्रत्येक जोडीच्या शेजारी मी एक टिंब दिलं. वाचनालयाच्या पुस्तकावर मी आयुष्यात केलेली पहिली खूण. पेठेतल्या बायकांना तिचा अर्थ सहज कळला असता. तुम्ही वाचलंत, मीही वाचलंय.

उत्तर आलं नाही. मी दर शनिवारी पुस्तक उघडायचो. त्या रॅकजवळ बसणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडं बघायचो. एक गृहस्थ महिनाभर तिथं यायचे, मऊ आवाजाचे, नखं स्वच्छ. मी तर मनातल्या मनात त्यांच्याशी कितीतरी बोललो. शेवटी कळलं की त्या खिडकीत वारा चांगला येतो म्हणून ते तिथं बसतात. एकदा वाटलं, तो 'तो' नसेलच, ती असेल. वसतिगृहाची गोष्ट होती की आत. मग बायकांकडंही बघायला लागलो. अशी सात वर्षं. दरम्यान आई गेली. तिच्या शेवटच्या पत्रातही ती ओळ होती. केस पांढरे झाले. आधी निदान कुणी असण्याची शक्यता नव्हती, आता कुणीतरी होतं आणि ते येत नव्हतं. हे जास्त वाईट असतं, एवढं मी सांगू शकतो.

मग वाचनालयात कॉम्प्युटर आला. कार्यकारिणीनं ठरवलं, दहा वर्षांत एकदाही घरी न नेलेली पुस्तकं नव्या यादीत घ्यायची नाहीत, बाद करायची. यादी करायचं काम माझंच. नियमाप्रमाणं 'सहकार, संकीर्ण लेख' त्यात आलं, कारण ते वाचणाऱ्यानं कधी घरी नेलंच नव्हतं. मीही ते यादीत येऊ दिलं. तो गाव सोडून गेला असेल, लग्न करून बसला असेल, मेला असेल. पुस्तक रद्दीतून उचलावं आणि ट्रंकेत टाकावं, झालं.

कार्डांचं कपाटही मोडीत जायचं होतं. मी खणाखणातून सळया काढून कार्डं गठ्ठ्यांत बांधत होतो. 'स'चा खण आला. ते कार्ड ओवल्यापासून मी त्याला एकदाही हात लावला नव्हता. कुणी बघेल या भीतीनं त्या खणाकडं पाठ करूनच वावरायचो. पुस्तक दर आठवड्याला तपासत होतो, आणि कपाट माझ्या टेबलाच्या मागंच होतं. दिव्याखाली अंधार. कार्ड हातात आलं आणि सहज उलटलं.

मागं फिक्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, "खुणा पुसलेल्या बघितल्या. समजलो. परत येणार नाही. पण पुस्तक फाडू नका. दुसऱ्या कुणालातरी लागेल." खाली दोन रेघा.

म्हणजे तो त्याच जून-जुलैत येऊन गेला होता. मी भिऊन बसलो होतो त्या दोन महिन्यांत. त्याला वाटलं, आपण पकडले गेलो. आणि असं वाटूनही जाता जाता त्यानं स्वतःसाठी काही मागितलं नाही, पुस्तकासाठी मागितलं. मी मात्र ते मोडीत काढायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची बैठक होती. यादी वाचून झाली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, यातलं एक पुस्तक ठेवायचं आहे. अध्यक्ष आमच्या तालमीतले जुने पैलवान, कान मोडलेले, बोलणं खणखणीत. म्हणाले, "कुनी न्हेत न्हाय तर ठेवायचं कशाला? हाय तरी काय त्यात?"

मी म्हणालो, "माझ्यासारख्या माणसांच्या गोष्टी आहेत."

"तुमच्यासारख्या म्हंजे?"

"ज्यांना बाईऐवजी पुरुष आवडतो त्यांच्या. एक बायकांचीही."

वयाच्या चाळिशीत मी हे पहिल्यांदा तोंडानं बोललो, तेही चहाचे कप समोर असलेल्या सात माणसांपुढं. खजिनदारांनी खुर्ची किंचित बाजूला सरकवली. त्यानंतर ते माझ्या तांब्यातलं पाणी कधी प्यायले नाहीत. अध्यक्षांनी यादी उचलली, चष्मा लावला, ती ओळ शोधली.

"मग सहकारात कशाला घातलंय वो? मानूस कारखान्याचं म्हणून न्हेल आन आमाला शिव्या घालंल." त्यांनी पेनानं ती ओळ खोडली. "गोष्टी हायत तर गोष्टींत ठेवा की. फुडचा विषय घ्या."

एवढंच. एवढ्यासाठी मी पंधरा वर्षं कात्री लपवली होती.

पुस्तक आता कथांच्या रॅकमध्ये आहे. पाठीवर सहकाराच्या अक्षरांवर मी नवी पट्टी चिकटवली आहे. कॉम्प्युटरवर तो शब्द टाकला की सरळ तेच पुस्तक येतं, दुसरीकडं कुठं पाहायला लागत नाही. ते कार्ड मात्र मी रद्दीत दिलं नाही, माझ्या पाकिटात आहे. लोक पुस्तक घरी नेतात. फार नाही, वर्षाकाठी चार-पाच जण. परत देताना कुणी काही बोलत नाही, मीही विचारत नाही. नवं रबर मी घेतलेलं नाही.

अजूनही शनिवारी नवव्या गोष्टीचं शेवटचं पान उघडून बघतो. कोपऱ्यात आता एक फूल आहे. एक फुली आहे. मास्तरीणबाईंचा शेपटीवाला उंदीर आहे, तो पाहून मला फार बरं वाटलं होतं. माझं टिंब आहे. त्याच्या शेजारी दोन उभ्या रेघाही आहेत, पण त्या मी काढलेल्या आहेत.